न्गुयेन ह्वे रस्त्याची पूर्वतयारी

१ मार्च, शनिवार. सकाळी ७

आजपासून चालायचं. ठरलं.

कारण आज न्यानने स्वतःच विषय काढला. न्यान म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी कॉफीची टपरी चालवते ती. विधवा, पंचावन्नची, पण बर्फ फोडायला लागली की बघत बसावं. मी रोज सकाळी तिथेच पेपर वाचतो. कप पुढे करत म्हणाली, आन्ह थुआन, सगळा जन्म शहराच्या ह्या चौथ्या जिल्ह्यात गेला, पूल ओलांडला की न्गुयेन ह्वे, पण तो रस्ता मी एकदाही निवांत पाहिला नाही हो. कुणीतरी नेलं पाहिजे.

'कुणीतरी' म्हणताना माझ्याकडे बघितलं. शेजारी पंखेवाला ताम बसला होता, पण तो वायरीचा गुंता सोडवत होता, त्यामुळे त्याचा प्रश्न येत नाही.

शिवाय 'आन्ह' म्हणाली. आमच्यात थोरल्या भावालाही आन्ह आणि नवऱ्यालाही आन्हच. कुठला आन्ह ते म्हणणारीच्या आवाजावरून ओळखायचं. मी आवाज नीट ऐकला आहे. बर्फ फोडत होती, तरी ऐकला.

तेव्हा मी नेणार. पण उठलो आणि भटकलो, असं नाही. मी सगळी नोकरी एका पर्यटन कंपनीत केली. 'साइगॉनचे गजबजलेले मुख्य रस्ते' हे माहितीपत्रक माझ्या हातचं. न्गुयेन ह्वे, ले लोय, डोंग खोय, तिन्ही रस्त्यांवर मी असं लिहिलंय की परदेशी माणसं विमानाने आली. स्वतः जाऊन बघायचं तेवढं राहिलं. ऑफिसात कामच इतकं असे.

प्लॅन: आठ तारखेला स्त्रीदिन. तोवर तिन्ही रस्त्यांचा पायी सर्व्हे पूर्ण करायचा. आठला संध्याकाळी तिला घेऊन निघायचं, तसं तिला सांगूनही टाकलं. पायीच. गाडीवर बाई मागे बसते आणि जे काही बोलायचं ते हेल्मेटला ऐकू येतं. पायी कसं, शेजारी शेजारी.

१ मार्च, संध्याकाळी ६

निघालो नाही. चपला घालून सर्व्हे होत नाही. बूट बघितले पाहिजेत.

२ मार्च, रविवार

ह्या शहरात पायी चालणारा माणूस म्हणजे एकतर परदेशी, नाहीतर ज्याची गाडी चोरीला गेली तो. लोक कोपऱ्यावरून नूडल्स आणायलासुद्धा गाडी काढतात. मी गल्लीतून निघालो तर जो तो ब्रेक मारून विचारायला लागला. काका, गाडी बंद पडली का? काका, दवाखान्यात का? समोरची म्हातारी म्हणाली, मुलीशी भांडून निघालास ना? परत जा आणि जेवून घे. मी म्हटलं, नाही हो, फिरायला चाललोय. म्हणाली, मग चालत का चाललायस?

पुलाच्या अलीकडे ताम आला. ताम म्हणजे आठ. आईबापांनी नंबर दिला, नाव द्यायचं राहून गेलं. पंखे दुरुस्त करतो आणि चाकांच्या स्पीकरवर गाणी म्हणून गल्लीचे कान बिघडवतो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, म्हणून कुणी काही बोलत नाही. मी नको नको म्हणत असताना मला मागे बसवलं. आमच्या दोघांच्या मध्ये स्पीकर. कुठल्या तरी बारशाला गायला निघाला होता. पोराचं नशीब. पूल ओलांडून मला उतरवलं. मी तिथेच उभा राहून रहदारीचा अभ्यास केला. बारसं आटपून येताना त्यानेच परत उचललं.

सर्व्हे: पूल पूर्ण. (गाडीवरून.)

३ मार्च, सोमवार

बूट आणले. पांढरे. दुकानातली बाई म्हणाली, आजोबा, एक नंबर मोठा घ्या. आजोबा म्हणणाऱ्या बाईचं मी ऐकत नसतो.

कलपही आणून ठेवला. तो आठ तारखेला लावायचा, म्हणजे ताजा दिसेल.

४ मार्च

एक नंबर मोठा घ्यायला हवा होता. फोड आलाय. विश्रांती.

ताम दुपारभर गात होता. एकच गाणं. वरच्या पट्टीत जातो, अडकतो, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी न्यानने टपरीवरून आवाज दिला, मेल्या, गळा आहे का गंजलेला पंखा? तेल घाल त्यात! मला फार बरं वाटलं. माणसाची पायरी बाईला बरोबर कळते. मला आन्ह, त्याला मेल्या. थोड्या वेळाने तिने त्याला लिंबाचं सरबत पाठवलं. पिताना तरी तोंड बंद राहील, म्हणून असणार.

५ मार्च, बुधवार

आज मोठी मजल. पूल पायी ओलांडला. एक भाड्याचा मोटारसायकलवाला सबंध पूलभर माझ्या शेजारून माझ्याच चालीने गाडी चालवत होता. बोलेना, विचारेना, नुसतं जादा हेल्मेट माझ्यापुढे धरलेलं. मी बसणार ह्याची त्याला खात्री होती. नाही बसलो!

पुढे हाम न्घी रस्ता. तो ओलांडला की न्गुयेन ह्वे आलाच. ओलांडायचं तंत्र सोपं आहे, मीच पत्रकात दिलंय: सावकाश चाला, थांबू नका, गाड्या तुम्हाला वळसा घालून जातील, विश्वास ठेवा. मी मधोमध पोचलो आणि थांबलो. दोन्ही बाजूंनी गाड्यांचे लोंढे. तेवढ्यात कुणीतरी हात धरला. पाठीवर भलं मोठं ओझं घेतलेली एक गोरी पोरगी. इंग्रजीत म्हणाली, सावकाश, थांबू नका, विश्वास ठेवा. माझीच वाक्यं, जशीच्या तशी! लिखाण वाचलं जातंय म्हणायचं.

पलीकडे पोचल्यावर घाबरलो होतो असं नाही, पण जरा टेकलो. फुटपाथवर बसून थाओला, म्हणजे मुलीला, फोन केला. ती स्कूटर घेऊन आली. बसल्या जागेवरून न्गुयेन ह्वेचे दिवे दिसत होते. म्हणाली, बाबा, एवढं आलात तर कोपऱ्यापर्यंत जाऊन बघा तरी. मी म्हटलं, अर्धवट बघणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

७ मार्च, शुक्रवार

न्यानने विचारलं, आन्ह, उद्याचं नक्की ना? मी म्हटलं, ले लोय बाकी आहे, डोंग खोय बाकी आहे, जायचा आणि यायचा रूट वेगवेगळा तपासायचाय. म्हणाली, अहो, रस्ता बघायचाय, सून नाही आणायची. केवढी ती चौकशी! हसली. तामही हसला. त्याला विनोद कळला असेल असं वाटत नाही.

उद्या नक्की.

८ मार्च, शनिवार. दुपारी ३

कलप लावला. केसांपेक्षा कान जास्त काळे झाले. थाओ म्हणते टोपी घाला. गुलाब आणला आहे. एकच, पण लांब दांड्याचा.

८ मार्च, संध्याकाळी ८

सविस्तर लिहून ठेवतो, म्हणजे पुढे गैरसमज नको.

मी पाचला टपरीवर पोचलो. न्यान तयार होती. जांभळा ब्लाउज, मोत्याचे कानातले, टपरीला फळ्या लावलेल्या. छान दिसत होती. फारच छान. मी गुलाब पाठीमागे धरला होता. ऊन होतं म्हणून म्हटलं, जरा टेकू. टेकलोच आहोत तर म्हटलं, रस्त्याचा इतिहास सांगून ठेवावा, म्हणजे तिथे वेळ मोडणार नाही. तिथे पूर्वी कालवा होता, तो फ्रेंचांनी बुजवला, तिथून सुरुवात केली. ती ऐकत होती. मधून मधून पुलाकडे बघत होती. सहा वाजले. मग नववर्षाला तिथे फुलं कशी मांडतात ते सांगितलं. तिने ते टीव्हीवर दरवर्षी पाहिलेलं निघालं, तरी ऐकलं. सात वाजले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आता तिथे तुडुंब गर्दी असणार, अख्खं शहर बायकोला घेऊन उतरलेलं, आणि हाम न्घी अंधारात ओलांडायचा. म्हटलं, साध्या दिवशी जाऊ. पूर्ण तयारीनिशी.

तेवढ्यात ताम टपकला. म्हणाला, चला की, गाडी आहे माझी, एकेकाला सोडतो. मी म्हटलं, असे रस्ते गाडीवरून जाऊन बघायचे नसतात, त्याची एक पद्धत असते. न्यानने कानातले काढून रुमालात बांधले. म्हणाली, राहू दे आज.

तामने तिला स्त्रीदिनाची भेट आणली होती. खुर्ची! प्लास्टिकची, बुटकी, पाठ असलेली. म्हणतो, दिवसभर स्टुलावर वाकून बसतेस, मणका जाईल. स्त्रीदिनाला खुर्ची देतो. अडाणीपणाची कमाल आहे. ती म्हणाली, मेल्या, रंग तरी बरा बघायचास.

गुलाब द्यायचा राहिला. तिच्या बर्फाच्या पेटीवर ठेवून आलो. कुणाचा ते तिला कळेलच.

९ मार्च, रविवार

गुलाब तामने ठेवला असं तिला वाटलं. तो म्हणाला, मी नाही ठेवला, पण ठेवायला हवा होता. ती लाजली. मी खुलासा करणार होतो, पण पेपरात डोकं घातलं होतं ते तसंच ठेवलं. माणसाने मोठं मन दाखवावं.

खरी बातमी पुढेच आहे. आज ती मला आन्ह थुआन म्हणाली नाही. आन्ह हाइ म्हणाली! हाइ म्हणजे घरातला थोरला. नाव गळालं. नावाने हाक मारायचा परका माणूस मी राहिलो नाही, घरातला झालो. काल थांबलो तेच बरं केलं. घाई करणाऱ्यांना ही प्रगती दिसत नाही.

थाओला सांगितलं. म्हणाली, बाबा, आन्ह हाइ सख्ख्या मोठ्या भावाला म्हणतात. मी म्हटलं, सुरुवात तिथूनच होते. ती भांडी घासायला गेली.

११ मार्च, मंगळवार

ले लोयचा सर्व्हे. बेन थान बाजारापर्यंत बसने गेलो, कारण पाय रस्त्यासाठी राखून ठेवायचे होते. ऊन फार. सावलीसाठी बाजारात शिरलो. टोपी आणि पांढरे बूट बघून एका बाईने माझी बाही धरली आणि इंग्रजी सुरू केलं. मी आपल्या भाषेत म्हटलं, बाई, मी इथलाच. तर शेजारणीला म्हणते, बघ ग, काका भाषा किती छान शिकलेत!

'आय लव्ह साइगॉन' लिहिलेला शर्ट घेऊन परत आलो. भाव करायला गेलो असतो तर ओळख पटवत बसावं लागलं असतं.

१२ मार्च

फोड पिकला. घरबसल्या रूट पक्का करत आहे. कुठे थांबायचं, कुठली इमारत आधी दाखवायची, आणि न्गुयेन ह्वेच्या कारंज्यापाशी मी हलकेच विषय काढायचा. त्यासाठी एक वाक्य लागेल. पहिला खर्डा: 'सहजीवनाच्या दृष्टीने आपणास काही प्रस्ताव मांडू इच्छितो.' फार सरकारी वाटतंय. उद्या पुन्हा बसतो.

१५ मार्च, शनिवार

आज गल्लीत कमालीची शांतता. तामचा स्पीकर दाराशी, वर फडकं टाकलेलं. टपरीही लवकर बंद. पंख्याखाली पडून वाक्यावर काम केलं, त्यात छान डोळा लागला. अशी शांतता रोज असती तर मी कुठल्या कुठे गेलो असतो.

थाओ कामावरून आली. म्हणाली, न्यानमावशी तामकाकांच्या गाडीवरून पूल ओलांडत होती. जांभळा ब्लाउज घातला होता.

पंखा आणायला गेले असतील.

१६ मार्च, रविवार

पंखा नव्हे. न्गुयेन ह्वे.

न्यान सगळ्या गिऱ्हाइकांना सांगत होती, बर्फ फोडायचं विसरून. ताम एकेरी रस्त्यात उलटा घुसला. पोलिसाने शिट्टी मारली तर हा म्हणे, गाण्यावर ताल धरतोय वाटतं. मग चुकत चुकत हाम न्घीवरूनच पुन्हा पुन्हा फिरले. गाडी लावून एकदाचे पोचले, तर रस्त्याच्या मधोमध फतकल मारून बसले, चपला काढून! अंडं घालून भाजलेला तांदळाचा पापड खाल्ला. पोरं साबणाचे फुगे उडवत होती, त्यातला एक तामच्या नाकावर फुटला. खिडकी-खिडकीत कॉफीचं दुकान असलेली ती जुनी इमारत बघून न्यान म्हणाली, अगबाई, एकावर एक एवढ्या टपऱ्या! आणि टोकाची पिवळी सरकारी इमारत कुणाची, असं तिने तामला विचारलं, तर हा म्हणतो, असेल कुणा पैसेवाल्याचं घर, धुणं कुठे वाळत घालतात ते मागे जाऊन बघू या का? एवढं सांगताना तिला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी इतकी वर्षं रोज तिथे बसतो, तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

मी चुका दुरुस्त केल्या. इमारत कुणी बांधली, का बांधली, सगळं सांगितलं. म्हणाली, हो का, आन्ह हाइ. आणि पुन्हा पापडावर गेली.

माझं मत: ह्याला न्गुयेन ह्वे बघणं म्हणत नाहीत. एकही गोष्ट नीट बघून आले नाहीत. तेव्हा तिला तो रस्ता दाखवायचं काम अजून तसंच शिल्लक आहे. उलट तामने सर्व्हे करून दिला, माझे कष्ट वाचले.

२२ मार्च, शनिवार

न्यान म्हणाली, उद्या दुपारी टपरी आवरल्यावर थोडं थांबाल का? घरचं बोलायचंय.

घरचं!

शर्ट इस्त्रीला टाकला. वाक्य तयार आहे: 'न्यान, ह्या वयात माणसाला सोबत लागते.' साधं, सुटसुटीत. कारंज्याची वाट बघायची गरज उरली नाही. थाओला म्हटलं, आता तूच बघ कोण बरोबर होतं. ती म्हणाली, बाबा, टोपी घालून जा.

२३ मार्च, रविवार. दुपारी ३

थोडक्यात लिहितो.

तिने मला त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः खाली स्टुलावर बसली. कॉफीचा कप दोन्ही हातांनी दिला. म्हणाली, आन्ह हाइ, मला ना बाप राहिला, ना भाऊ. पुढे तिला बोलवेना. बाईला संकोच वाटतोय असं बघून मीच पुढाकार घेतला. म्हटलं, न्यान, ह्या वयात माणसाला सोबत लागते.

ती म्हणाली, तेच तर! तुम्हाला कसं हो कळलं? आणि रडायलाच लागली. म्हणाली, लोक काय म्हणतील ह्याची आठवडाभर भीती वाटत होती, आणि तुम्ही एका वाक्यात सोडवलंत. ताम पुढच्या महिन्यात लग्नाची पानसुपारी घेऊन येतोय. मुलीकडून बोलायला घरातलं कुणी मोठं हवं. पूर्वजांपुढे उदबत्ती लावायला, माझा हात द्यायला. सगळ्या गल्लीत तुमच्याइतकं चांगलं कोण बोलतं? तुम्हीच माझे थोरले.

मी हो म्हटलं.

कॉफी खूप गोड होती. तिचा हात चुकला असेल.

२४ मार्च

शांतपणे विचार केला. ह्या वयात लग्न म्हणजे कटकट. दुसऱ्याच्या वेळेला जेवा, दुसऱ्याच्या वेळेला झोपा. ती पहाटे उठून बर्फ फोडते. माझी झोप मुळात सावध. शिवाय माझा तसा काही विचार होता असं कुणी म्हणत असेल तर ते साफ खोटं आहे. मी केवळ माहिती देण्याच्या हेतूने जात होतो. तो माणूस बेसूर आहे, आणि हे तिला लग्नानंतर कळेल.

थाओने काही विचारलं नव्हतं, तरी तिला हे सगळं सांगितलं. ती हो हो म्हणाली. आज तिने भरल्या कारल्याचं सूप केलं, मला आवडतं तसं.

२९ मार्च, शनिवार

भाषणाचा खर्डा वाचून दाखवला. सुरुवात न्गुयेन ह्वेच्या कालव्यापासून केली आहे, म्हणजे दोन किनारे, वाहतं पाणी वगैरे. थाओ म्हणाली, बाबा, नाही.

माझ्या मते ठीक होता.

६ एप्रिल, रविवार

सकाळी न्यानच्या घरी. ताम कुणाचा तरी कोट घालून आला होता, बाह्या बोटांपर्यंत. न्यान लाल पोशाखात, डोक्यावर लाल पट्टा. भाषण घडी करून माझ्या खिशात होतं. उदबत्ती लावली, मागे वळलो, आणि सगळं विसरलो. फक्त म्हणालो, ही माझी बहीण. हिला नीट सांभाळ. तोंडून 'बहीण' निघताना अडखळेन असं वाटलं होतं, पण शब्द स्वच्छ निघाला. न्यान रडली. ताम तिच्याहून जास्त रडला, नाक कोटाच्या बाहीला पुसलं. भाषण फार सुंदर झालं, असं समोरची म्हातारी म्हणाली.

ऊन उतरल्यावर सगळे फोटोसाठी न्गुयेन ह्वेला. अख्खी गल्ली गाड्यांवर. मी थाओच्या मागे. फोटोवाला पोरगा मला म्हणाला, आजोबा, जरा बाजूला व्हा, फोटोत येताय. न्यान त्याच्यावर खेकसली, आजोबा कुणाला म्हणतोस रे? माझा थोरला भाऊ आहे तो! मध्ये घे त्याला. मला त्या दोघांच्या मध्ये उभं केलं. सगळे फोटो तसेच आलेत.

उसन्या उंच चपला तिला चावत होत्या. त्या काढून माझ्याकडे दिल्या आणि ती तामचा हात धरून अनवाणी पुढे निघाली, पार नदीपर्यंत. मी चपला घेऊन मागोमाग. म्हणजे आज न्गुयेन ह्वे ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी पूर्ण झाला. मध्ये एकदाही बसलो नाही.

घरी आल्यावर थाओने विचारलं, मग, कसा वाटला रस्ता?

 तिथे काय काय होतं ते मी बघितलंच नाही. सगळा वेळ तिच्याकडेच बघत होतो.